हायटस हर्निया : निदानाची नोंद आणि कोडिंग
(प्रस्तावना)

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल हा स्नायूंचा घुमटाकार पडदा असतो. अन्ननलिका छातीतून पोटात उतरते ती या पडद्यातल्या एका फटीतून, आणि या फटीला वैद्यकात हायटस म्हणतात. फटीभोवतीची पकड ढिली पडली आणि जठराचा वरचा भाग तिच्यातून छातीत सरकला, की हायटस हर्निया झाला असे निदान केले जाते. वाढते वय, लठ्ठपणा, गरोदरपण, जुनाट खोकला, शौचाला सतत जोर करावा लागणे अशी त्याची नेहमीची कारणे सांगितली जातात. अनेकांना त्याचा काहीही त्रास नसतो. ज्यांना असतो ते डॉक्टरांना सांगतात ते शब्द साधे असतात: छातीत जळजळते, आंबट पाणी वर येते, वाकले की घशाशी येते, घास अडकतो.

या आजाराचे चार प्रकार मानले जातात. पहिल्यात अन्ननलिका आणि जठर यांचा सांधाच वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो. हा सरकता हर्निया. एकूण हायटस हर्नियांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक याच प्रकारचे असतात. दुसऱ्यात सांधा जागेवर राहतो आणि जठराचा घुमट अन्ननलिकेच्या बाजूने वर घुसतो. तिसऱ्यात हे दोन्ही घडते. चौथ्यात जठराबरोबर मोठे आतडे, प्लीहा यांसारखे अवयवही छातीत जातात. पहिल्या प्रकारात प्रश्न असतो तो आम्ल उलटण्याचा, आणि तो बहुधा गोळ्यांनी आणि पथ्याने आटोक्यात राहतो. उरलेल्या तिन्हींत जठराला पीळ पडण्याची, अन्नमार्ग बंद होण्याची आणि क्वचित जठराचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, हे चारही प्रकार के ४४ या एकाच गटात येतात. अडथळा असेल तर के ४४.०, गँगरीन असेल तर के ४४.१, आणि दोन्ही नसेल तर के ४४.९. दोन सेंटिमीटरचा निरुपद्रवी सरकता हर्निया आणि अर्धे जठर छातीत गेलेला मोठा हर्निया, दोघांचीही गणना अडथळा येईपर्यंत के ४४.९ मध्येच होते. या विषयाचा सगळा पेच इथे आहे. नोंदीत नसलेली गोष्ट कोडमध्ये येऊ शकत नाही, आणि कोडमध्ये न मावणारी गोष्ट फक्त नोंदीतच टिकू शकते. म्हणून हायटस हर्नियाचे कोडिंग रेकॉर्ड रूममध्ये सुरू होत नाही. ते एंडोस्कोपीच्या टेबलाजवळ, डॉक्टर अहवालाचे वाक्य लिहितात तिथे सुरू होते.

निदानाची साधने बदलत गेली तशी या आजाराची नोंदही बदलली. क्ष-किरण आणि बेरियम येईपर्यंत असे हर्निया मुख्यतः शवविच्छेदनात दिसत. स्वीडनचे अके अकरलुंड यांनी १९२६ मध्ये क्ष-किरण चित्रांच्या आधारे त्यांचे प्रकार पाडले. १९५१ मध्ये इंग्लंडच्या फिलिप ॲलिसन यांनी सरकता हर्निया आणि आम्लामुळे होणारा अन्ननलिकेचा दाह यांचा संबंध मांडला, आणि लक्ष हर्नियाच्या आकारावरून आम्लाच्या उलट्या प्रवाहाकडे वळले. रुडॉल्फ निसेन यांनी जठराचा घुमट अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. १९९१ मध्ये बेल्जियमच्या बर्नार्ड दालमान्य यांनी तीच दुर्बिणीतून केल्याचे मांडले. एंडोस्कोपीबरोबर दाहासाठी लॉस एंजेलिस श्रेणी आली आणि जठराच्या तोंडाशी असलेल्या झडपेसाठी हिल श्रेणी आली. आज एकाच रुग्णाच्या फाईलमध्ये बेरियम, एंडोस्कोपी, सीटी स्कॅन आणि मॅनोमेट्री असे चार अहवाल चार परिभाषांत असू शकतात. ते एकमेकांशी जुळतात की नाही हे ठरवून एका वाक्यात अंतिम निदान लिहिणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे. ते वाक्य नसेल तर कोडर चारांपैकी हाताला लागेल तो अहवाल धरतो.

वर्गीकरणाचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. जाक बर्तियाँ यांची मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ मध्ये शिकागोच्या सांख्यिकी परिषदेत स्वीकारली गेली. पुढची पाच दशके ही यादी मुख्यतः मृत्यू मोजण्यासाठीच होती. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि जिवंत रुग्णांच्या आजारांनाही तिच्यात स्थान मिळाले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने १९८३ पासून रुग्णालयांचे पैसे निदानगटांवरून ठरवायला सुरुवात केली, आणि मोजणीसाठी जन्मलेली ही व्यवस्था हिशेबाची व्यवस्थाही बनली. तेव्हापासून एकाच कोडकडून दोन अपेक्षा आहेत: त्याने लोकसंख्येचे आरोग्य सांगावे आणि बिलाचे समर्थनही करावे. बहुतेक वाद या दोन अपेक्षांच्या ओढाताणीतून निघतात.

भारतात आज कोडिंगच्या पाच परंपरा शेजारी शेजारी नांदतात. पहिली सांख्यिकीची. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ खाली मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र दिले जाते, त्याचे कोडिंग आयसीडी-१० वर आधारलेले असते. दिल्लीचा सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्स हा विभाग या वर्गीकरणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र म्हणून काम करतो आणि रुग्णालयांतील वैद्यकीय अभिलेख कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो. सरकारी रुग्णालयांतली नोंद मुख्यतः या परंपरेतली आहे. तिच्यात तीन-चार अक्षरांचे कोड पुरतात आणि भर असतो तो प्रमुख आजार योग्य निवडण्यावर.

दुसरी परंपरा अमेरिकी बिलांची. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथल्या कंपन्यांत बी.फार्म., बी.एस्सी., बी.एच.एम.एस. झालेली हजारो मुले अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदी कोड करतात. त्यांत नाशिक, जळगाव, धुळ्याकडची मुलेही असतात. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ची अमेरिकी क्लिनिकल आवृत्ती चालते आणि तिचे कोड अधिक लांब असतात. आम्ल उलटण्याच्या आजाराला दाह असेल तर जागतिक आवृत्तीत के २१.० हा एकच कोड आहे. अमेरिकी आवृत्तीत १ ऑक्टोबर २०२० पासून रक्तस्राव नसलेला दाह के २१.०० आणि रक्तस्राव असलेला के २१.०१ असे दोन झाले. शस्त्रक्रियेसाठी तिथे सीपीटी कोड लागतात: अन्ननलिकेच्या बाजूच्या हर्नियाची दुर्बिणीतून दुरुस्ती जाळीशिवाय केली तर ४३२८१, जाळी बसवून केली तर ४३२८२. जाळी बसवली की नाही हे ऑपरेशन नोटमध्ये नसेल तर कोडर तिथेच अडतो. या परंपरेत शिकलेला कोडर नाशिकच्या एखाद्या रुग्णालयात लागला की त्याच्या हातून अमेरिकी कोड भारतीय फॉर्मवर उतरतात. के २१.०० हा कोड जागतिक यादीत नाहीच. तो दाखल केला की सॉफ्टवेअर तरी नाकारते किंवा कोणीतरी शेवटचे शून्य खोडून पुढे पाठवते.

तिसरी परंपरा पॅकेजची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नाशिक जिल्हा नोव्हेंबर २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात आला. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले, आणि २०१८ मध्ये आलेल्या आयुष्मान भारत योजनेशी ती पुढे जोडली गेली. आजार कोणता याइतकाच इथे कोणती प्रक्रिया, कोणत्या पुराव्यावर मंजूर होते हा प्रश्न असतो. आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर कोडपेक्षा एंडोस्कोपीचे फोटो, सीटीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेची गरज सांगणारी टीप यांना वजन असते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून आलेल्या रुग्णाकडे जुने कागद बहुधा नसतात. त्यामुळे त्या एका भरतीतली नोंदच त्याचा सगळा वैद्यकीय इतिहास ठरते.

चौथी परंपरा वैद्यकीय शब्दसंग्रहाची. भारत सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये आणली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्यांत स्नोमेड सीटी हा शब्दसंग्रह स्वीकारला आहे. त्याच्या वापराला मदत करणारे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आयसीडी गट पाडते, स्नोमेड तपशील जपते. सरकता हर्निया आणि बाजूचा हर्निया यांच्यासाठी तिथे स्वतंत्र संकल्पना आहेत. डॉक्टरांनी संगणकावर नेमकी संज्ञा निवडली तर तिच्यावरून आयसीडीचा कोड काढता येतो. उलट के ४४.९ वरून हर्नियाचा प्रकार कोणालाही शोधून काढता येत नाही.

पाचवी परंपरा आयुषची. छातीत जळजळणारा माणूस पहिल्यांदा वैद्यांकडे जाणे नाशिकला नवीन नाही. पंचवटीतल्या गणेशवाडीचे आयुर्वेद महाविद्यालय आणि रुग्णालय सर्वांच्या परिचयाचे आहे. तिथे निदान अम्लपित्त असे होते, आणि माधवनिदानात त्याचे ऊर्ध्वग व अधोग असे भेदही सांगितले आहेत. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये नमस्ते या पोर्टलवर आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांच्या संज्ञा सांकेतिक केल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ च्या पारंपरिक वैद्यकाच्या प्रकरणात त्यांना जागा मिळाली. अम्लपित्त हे लक्षणांचे आणि दोषांचे निदान आहे, हायटस हर्निया हे शरीररचनेचे. एकावरून दुसऱ्याचा कोड लावणे चूक आहे. दोन्ही निदाने झाली असतील तर दोन्ही आपापल्या यादीत लिहायची असतात.

नाशिकमध्ये या परंपरा एकत्र येतात याला एक कारण आहे. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले, आणि राज्यातली ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, दंतवैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार या सगळ्या शाखांची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. शहरातच जिल्हा रुग्णालय, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, महापालिकेची रुग्णालये, आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय, सातपूर-अंबडच्या कामगारांसाठीचे राज्य विमा रुग्णालय आणि कॉलेज रोडपासून मुंबई नाक्यापर्यंत पसरलेली खासगी रुग्णालये आहेत. एकच रुग्ण वर्षभरात यांतल्या तिघांकडे जाऊ शकतो. त्याचे तीन केस पेपर तीन परंपरांत लिहिलेले असतील तर त्यांना जोडणारा धागा डॉक्टरांच्या निदानाच्या वाक्याखेरीज दुसरा नसतो.

हे वाक्य प्रत्यक्षात कसे असते ते पाहण्यासारखे आहे. एंडोस्कोपीच्या अहवालाची एक नेहमीची ओळ अशी: ‘लॅक्स एलईएस, एचएच प्लस, अँट्रल गॅस्ट्रायटिस.’ वाचणाऱ्या सहकाऱ्याला ती पुरेशी वाटते, पण कोडरच्या हाती तिच्यातून फार थोडे लागते. लॅक्स एलईएस म्हणजे झडप सैल. तो हर्निया नव्हे, आणि त्याला के ४४ लावता येत नाही. एचएच प्लस यात प्रकार नाही, आकार नाही. अन्ननलिकेला दाह आहे की नाही याबद्दल ओळ गप्प आहे, म्हणून के २१.० की के २१.९ हे ठरत नाही. आता त्याच तपासणीची दुसरी नोंद: ‘झेड लाइन दातांपासून ३६ सेंमीवर, श्वासपटलाचा चिमटा ४० सेंमीवर; ४ सेंमीचा सरकता हायटस हर्निया; हिल श्रेणी ३; अन्ननलिकेचा दाह, लॉस एंजेलिस श्रेणी बी; रक्तस्राव नाही; बॅरेटचे बदल नाहीत; हर्नियाच्या मानेशी व्रण नाहीत.’ लिहायला एखादे मिनिट जास्त लागते. पण तिच्यातून के ४४.९ आणि के २१.० हे दोन कोड निःशंकपणे निघतात, दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली तर तुलना करता येते, आणि शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला सुरुवात कुठून करायची ते कळते.

या दुसऱ्या नोंदीत ‘नाही’ हा शब्द तीनदा आला आहे. लिहिले नाही म्हणजे नव्हते की पाहिले नाही, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. हर्निया श्वासपटलातून जातो तिथे जठराच्या अस्तरावर पडणाऱ्या व्रणांना कॅमेरॉन व्रण म्हणतात. त्यांतून थोडे थोडे रक्त जात राहते. एखादी बाई हिमोग्लोबिन कमी म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेते, आणि मूळ या व्रणांत असते. अशा वेळी हर्निया, व्रण आणि रक्तस्रावामुळे झालेला लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग हे तीनही लिहावे लागतात, आणि त्यांचा कार्यकारणसंबंधही डॉक्टरांनीच जोडून द्यावा लागतो. ‘रक्तस्रावामुळे’ हा शब्द असेल तर पंडुरोगाला डी ५०.० मिळतो, तो नसेल तर कोडरने स्वतःच्या अंदाजाने तो लावायचा नसतो.

मराठी मुलखातल्या केस पेपरवर आणखी काही संक्षेप फिरत असतात. एपीडी (ॲसिड पेप्टिक डिसीज) हे त्यातले सर्वांत व्यापक. जळजळ, अपचन, पोटदुखी, दाह, व्रण यांतले काहीही त्याच्या पोटात जाते. आयसीडीच्या यादीत त्याला स्वतःची नेमकी जागा नाही, म्हणून तेच लेबल कधी अपचनाच्या के ३० मध्ये जाते तर कधी जठरदाहाच्या के २९ मध्ये. आर/ओ एचएच म्हणजे हायटस हर्निया नाही ना हे पाहायचे. घाईत त्यातले पहिले दोन वर्ण गळतात आणि शंका निदान बनते. अमेरिकी नियमांत बाह्यरुग्णाच्या संशयित निदानाला पक्क्या निदानाचा कोड देता येत नाही, भरती रुग्णाला मात्र डिस्चार्जच्या वेळीही संशय कायम असेल तर देता येतो. परंपरा कोणतीही असो, शंका सिद्ध झाली, फेटाळली गेली की तपासणी बाकी आहे हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेच पाहिजे. नुसते ‘हर्निया ऑपरेटेड’ हाही असाच एक सापळा. रुग्ण सांगतो तो हर्निया बहुधा जांघेतला असतो, आणि तो इतिहास हायटस हर्नियाच्या फाईलमध्ये तसाच चिकटतो.

उगमाचा प्रश्न वेगळा आहे. जन्मजात श्वासपटलाचा हर्निया क्यू ७९.० मध्ये आणि जन्मजात हायटस हर्निया क्यू ४०.१ मध्ये जातो. के ४४ मधून हे दोन्ही स्पष्टपणे वगळले आहेत. इथे रुग्णाचे वय निर्णायक नसते. श्वासपटलातले जन्मजात छिद्र चाळिशीत सापडले तरी ते जन्मजातच राहते. महामार्गावरच्या अपघातात फाटलेले श्वासपटल हे तर दुखापतीच्या प्रकरणात जाते. ‘डायफ्रॅमॅटिक हर्निया’ एवढेच लिहिले तर या तीन वाटांपैकी एक निवडणे कोडरच्या हातात नसते, तरी त्याला निवड करावी लागते.

अडथळा आणि गँगरीन यांचा नियम थोडक्यात असा: न परतणारा, अडकलेला आणि गँगरीन नसलेला आवळलेला हर्निया हे अडथळ्यात मोजतात; अडथळा आणि गँगरीन दोन्ही असतील तर कोड गँगरीनचा. म्हणून ऑपरेशन नोटमध्ये जठराचा रंग, ते जिवंत होते का, काही भाग काढावा लागला का, हे शब्दांत हवे. हर्निया पुन्हा उद्भवला हे सांगायला के ४४ मध्ये वेगळी जागा नाही. ते नोंदीतच लिहावे लागते, पहिल्या शस्त्रक्रियेच्या वर्षासह.

मृत्यूच्या प्रमाणपत्रात चुकीची किंमत सर्वांत मोठी असते, कारण ती दुरुस्त करायला रुग्ण उरत नाही. जठर छातीत अडकून, रक्तपुरवठा तुटून, जंतुसंसर्ग रक्तात पसरून माणूस गेला तर रुग्णालयाने भरायच्या नमुना ४ मध्ये साखळी अशी उतरते: (अ) सेप्सिस, (आ) जठराचे गँगरीन, (इ) आवळलेला हायटस हर्निया. तिथे मूळ कारण म्हणून के ४४.१ मोजला जातो. पण ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढेच लिहिले तर मरणाची फक्त रीत कळते, कारण हरवते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आल्यापासून कारणाच्या प्रमाणपत्राची जबाबदारी रुग्णालयांवर अधिक स्पष्टपणे आली आहे.

विषयाची निकड आजच वाढण्यामागे आणखी तीन कारणे आहेत. पहिले कारण तपासण्यांचे. एंडोस्कोपी आणि सीटी स्कॅन जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळू लागल्यामुळे दुसऱ्याच तक्रारीसाठी केलेल्या तपासणीत हायटस हर्निया सापडतो. पित्ताशयातल्या खड्यासाठी भरती झालेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर तो पहिल्या ओळीत आला तर प्रमुख आजारच बदलतो. ज्या आजारासाठी उपचार झाले तो पहिला, जो आढळला पण ज्यावर काही केले नाही तो नंतर, हा क्रम पाळावा लागतो.

दुसरे कारण विम्याचे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये प्रमाणित केलेल्या दावा-अर्जाच्या रुग्णालयाने भरायच्या भागात प्रमुख आणि अतिरिक्त निदानांसाठी आयसीडी-१० च्या जागा आहेत, प्रक्रियांसाठीही आहेत. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत ‘सर्व प्रकारचे हर्निया’ यांना २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ आहे. त्यामुळे हर्निया हा शब्द अर्जावर आला की टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, ठरलेली क्वेरी येते: त्रास कधीपासून, पहिले निदान कधी, पहिले कागद दाखवा. इथे दोन तारखा वेगळ्या ठेवाव्या लागतात. जळजळ पाच वर्षांपासून असेल आणि हर्नियाचे निदान गेल्या आठवड्यातल्या एंडोस्कोपीत झाले असेल, तर ‘हायटस हर्निया, पाच वर्षे’ असे लिहिणे वस्तुस्थितीला धरून नाही. ते एक चुकीचे वाक्य रुग्णाचा दावा अडकवू शकते. उलट, दावा बसावा म्हणून जुने निदान नवे दाखवणे किंवा अडथळा नसताना के ४४.० लावणे ही फसवणूक आहे. अचूक नोंद दोन्ही बाजूंना सारखीच बांधून ठेवते.

तिसरे कारण डिजिटल नोंदीचे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झाल्यापासून १४ अंकी आभा क्रमांकाला नोंदी जोडल्या जाऊ लागल्या आहेत. पूर्वी चुकीचे निदान एका फाईलपुरते राहत असे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाचे कागद तीन वर्षे जपणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे बंधनकारक होते, त्यापुढे ते बहुधा विसरले जात. आता तेच निदान रुग्णाबरोबर गावोगाव जाते. आयसीडी-११ मध्ये एका मूळ कोडला बाजू, तीव्रता, कारण असे पूरक कोड जोडता येतात; पण जोडण्यासाठी तो तपशील आधी कोणीतरी लिहिलेला असावा लागतो.

हे पुस्तक या पार्श्वभूमीवर उभे आहे. त्याचा वाचक एकच नाही. एंडोस्कोपी करणारे आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, डिस्चार्ज कार्ड लिहिणारे निवासी डॉक्टर, वैद्यकीय अभिलेख विभागातले कर्मचारी, बिलिंग आणि मेडिक्लेमच्या टेबलावर बसणारे, आणि कोडिंगचा अभ्यास करणारे विद्यार्थी या सर्वांनी एकच फाईल वेगवेगळ्या बाजूंनी हाताळलेली असते. त्यांना एकमेकांची गरज कळावी हा पुस्तकाचा मुख्य हेतू आहे. कोडरला काय लागते हे डॉक्टरांना कळले तर अहवालाचे वाक्य बदलते. डॉक्टर काय पाहतात हे कोडरला कळले तर तो योग्य प्रश्न विचारतो. तो प्रश्न कसा विचारायचा यालाही पुस्तकात जागा दिली आहे. ‘अडथळा लिहू का?’ हा प्रश्न उत्तर सुचवतो. ‘भरतीच्या वेळी घास अडकणे आणि उलट्या नोंदल्या आहेत, त्यांचे कारण कृपया लिहावे’ हा प्रश्न निदान डॉक्टरांकडेच ठेवतो. कोडर निदान करत नाही, हा नियम पुस्तकभर पाळला आहे.

कोड दिले आहेत ते आयसीडी-१० च्या जागतिक आवृत्तीचे. अमेरिकी आवृत्ती वेगळी असेल तिथे ती वेगळी सांगितली आहे, आणि दोन्ही एका उदाहरणात मिसळलेल्या नाहीत. पॅकेजचे क्रमांक आणि दर वारंवार बदलतात, म्हणून ते छापलेले नाहीत. त्यांच्यासाठी योजनेची त्या दिवशीची यादीच पाहावी. उदाहरणांतले रुग्ण काल्पनिक आहेत, पण नोंदींची वाक्ये रोजच्या केस पेपरसारखी आहेत. संज्ञा रुग्णालयात ज्या बोलल्या जातात त्याच वापरल्या आहेत.

काही गोष्टी पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. ते उपचाराचे मार्गदर्शन नाही. शस्त्रक्रिया कोणाला आणि केव्हा, जाळी वापरावी की नाही, हे प्रश्न फक्त नोंदीपुरते येतात. अधिकृत यादीची जागाही ते घेत नाही. कोड लावण्यापूर्वी वर्णानुक्रमणिका आणि मुख्य यादी दोन्ही पाहणे, आणि ‘वगळले’ असे लिहिलेल्या ओळी वाचणे, याला पर्याय नाही. जास्त बिल कसे बसवावे हे यात सापडणार नाही.

नवख्या वाचकाने आधी शरीररचना आणि प्रकार यांचा भाग वाचावा, मग के ४४ आणि के २१ या दोन गटांचा, आणि त्यानंतरच उदाहरणांकडे जावे. अनुभवी कोडरने थेट उदाहरणांपासून सुरुवात करून स्वतःचे उत्तर आधी कागदावर मांडावे आणि मग पुस्तकातले पाहावे. डॉक्टरांना सगळे पुस्तक वाचायला वेळ नसेल, तर एंडोस्कोपी अहवाल, ऑपरेशन नोट आणि डिस्चार्ज कार्ड यांचे नमुने तेवढे पाहावेत. प्रकार, आकार, उगम, अडथळा, गँगरीन, दाह, रक्तस्राव, पहिल्या निदानाची तारीख आणि या भरतीत प्रत्यक्ष कशावर उपचार झाले या नऊ गोष्टी त्या नमुन्यांत आहेत. त्या लिहिल्या गेल्या की वर सांगितलेल्या पाचांपैकी आयुषखेरीज कोणत्याही परंपरेतला कोड त्यांच्यावरून काढता येतो.